घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा : अकरा आठवड्यांच्या अनुभवाचे परीक्षण

गेल्या भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, म्हणजे माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, आयुष्याच्या शेवटच्या अकरा आठवड्यांत, एका धर्मादाय संस्थेचे पॅलिएटिव्ह पथक, म्हणजे आजार बरा होणार नसताना वेदना आणि त्रास कमी करणारे पथक, आमच्या घरी येत होते. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. अशा सेवेबद्दल लोक सहसा लिहीत नाहीत. ज्याने सेवा घेतली तो सांगायला उरलेला नसतो आणि घरच्या माणसांना ते दिवस पुन्हा उकरून काढायचे नसतात. पथकाने चांगले केले असेल तर हात जोडून आभार मानले जातात, वाईट केले असेल तर ‘आता बोलून माणूस परत येणार आहे का’ असे म्हणून विषय मिटवला जातो. त्यामुळे आपल्या माणसाचे अखेरचे दिवस कोणाच्या हाती सोपवावेत हे ठरवायची वेळ येते तेव्हा विचारायला कोणी सापडत नाही. आम्हाला सापडले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संस्थेचे आणि शहराचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. शहर पश्चिम महाराष्ट्रातले आहे आणि तिथे अशी सेवा देणारी संस्था एकच असल्यामुळे शहर सांगितले की संस्था ओळखू येईल. माझ्या दोन तक्रारी आणि एक सूचना मी त्यांना लेखी कळवली, त्यांचे लेखी उत्तरही आले. त्या पत्रव्यवहाराबद्दल पुढे लिहिले आहेच.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. ३३ वर्षे त्यांनी वेगवेगळ्या स्थानकांवर गाड्या सुटण्याच्या वेळा नोंदवल्या. ७८व्या वर्षी कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचलेला होता. पित्तनलिका मोकळी ठेवणारी बारीक नळी, म्हणजे स्टेंट, टाकल्यावर कावीळ उतरली, केमोचे दोन डोस झाले, पण तिसऱ्याच्या आधी अण्णा इतके खंगले की डॉक्टरांनी उपचार थांबवायचे ठरवले. तो निर्णय योग्यच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मात्र ज्या खासगी रुग्णालयात हे झाले तिथे आम्हाला एवढेच सांगण्यात आले, की ‘आता घरी न्या आणि त्यांना आवडेल ते खायला द्या.’ डिस्चार्ज कार्डावर ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या आणि त्यापुढे ‘दुखल्यास’ हा एक शब्द होता. त्या गोळ्यांनीही दुखणे थांबले नाही तर काय करायचे, रात्री कोणाला विचारायचे, याविषयी एक ओळ नव्हती. उपचार संपले म्हणजे रुग्णालयाचा आपल्याशी संबंध संपला, हे त्या कार्डावरून आम्हाला कळले. पॅलिएटिव्ह केअर हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो शेजारच्या काकूंच्या तोंडून.

माझा भाऊ, दादा, जर्मनीत असतो. त्याने तिकडे बसून आधी हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या शुश्रूषा केंद्रांची, माहिती काढली. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६पासून आहे, भारतातले ते पहिले हॉस्पिस मानले जाते, आणि त्याची एक शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७पासून चालते, तिथे रुग्णाजवळ घरचे माणूस राहू शकते आणि पैसे घेतले जात नाहीत. दादाने ही सगळी माहिती फोनवरून अण्णांना वाचून दाखवली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “इथून मला स्टँड दिसतो. मला इथेच राहू द्या.” घरी येणाऱ्या पथकाचा विचार त्यानंतर सुरू झाला.

पथक पहिल्यांदा आले ते गौरी-विसर्जनानंतरच्या आठवड्यात. डॉक्टर, सिस्टर, समाजकार्यकर्ती आणि गाडी चालवणारे दादा असे चौघे होते. ती भेट जवळजवळ पावणेदोन तास चालली. रुग्णालयात आमच्या वाट्याला कधी पाच-सहा मिनिटांहून अधिक वेळ आला नव्हता, त्यामुळे हा फरक मला मोठा वाटला. डॉक्टर खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसले आणि त्यांनी आधी आम्हाला काही न विचारता अण्णांनाच विचारले, “आजोबा, तुम्हाला या आजाराबद्दल काय काय सांगितले आहे? आणि आणखी किती जाणून घ्यायची इच्छा आहे?” आम्ही तोवर घरात ‘गाठ’ एवढाच शब्द वापरत होतो. अण्णा म्हणाले, “खरे ते सांगा. गाडी कुठपर्यंत जाणार, हे प्रवाशाला आधी कळले पाहिजे.” डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी दिवस मोजून सांगितले नाहीत, पण पुढची दिवाळी आणि त्यानंतरचे दिवस यांबद्दल इतके स्पष्ट बोलले की अण्णांनी त्याच संध्याकाळी बँकेच्या कागदांची पिशवी मागवून घेतली.

त्याच भेटीत समाजकार्यकर्तीने विचारले, “घरात लहान मूल आहे ना? मग मॉर्फिन कुठे ठेवणार?” मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. आमच्या घरातली सगळी औषधे फ्रीजवरच्या बिस्किटांच्या डब्यात असत आणि आजोबांची गोळी आणून देणे हे काम त्याने आवडीने आपल्याकडे घेतले होते. तिने कुलूप लागणारी पेटी आणल्याशिवाय मॉर्फिन देणार नाही असे सांगितले, किल्ली कोणत्या एका मोठ्या माणसाकडे राहील त्याचे नाव फॉर्मवर लिहून घेतले आणि मुलाने यापुढे कोणतेही औषध उचलून आणायचे नाही असे त्याच्यासमोर, त्याला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत, समजावले. मग ती त्याच्याशी वेगळे बोलली. बोलताना तिने खोलीचे दार उघडे ठेवले आणि मला समोर दिसेल अशा जागी बसायला सांगितले. मुलाशी बंद दाराआड एकट्याने बोलायचे नाही, हा त्यांच्या संस्थेचा लेखी नियम आहे. लहान मुलांच्या सुरक्षिततेचे नियम शाळेत आणि वसतिगृहात असावेत, इतके आपण धरून चालतो. परक्या घरात शिरणाऱ्या सेवेलाही ते लागू असले पाहिजेत, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आले. त्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. ‘आजोबा एक दिवस झोपेत देवाघरी जातील’ असे आत्याने त्याला सांगितले होते आणि तेव्हापासून तो रात्री झोपायला घाबरत होता. आम्ही समजत होतो की त्याचे पोट बिघडले आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेदनेची. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कर्करोगाच्या वेदनेवरील औषधांची तीन पायऱ्यांची शिडी मांडली. साध्या वेदनाशामकापासून सुरुवात करून दुसऱ्या पायरीवर ट्रामाडॉलसारखी सौम्य आणि तिसऱ्या पायरीवर मॉर्फिनसारखी तीव्र अफूवर्गीय औषधे द्यायची, असा तो क्रम आहे. अण्णा दुसऱ्या पायरीवर अडकले होते आणि वेदना तिसऱ्या पायरीची होती. आमच्या मनात मॉर्फिनची भीती होती. आईला वाटत होते की सवय लागेल, आत्याला वाटत होते की हे शेवटचे औषध, हे सुरू केले की माणूस गेलाच. डॉक्टरांनी दोघींना समजावले, की वेदनेसाठी मोजून, थोड्या मात्रेपासून चढवत नेलेले मॉर्फिन माणसाला मारत नाही आणि ज्याला दुखते त्याने ते वेळेवर घेणे याला व्यसन म्हणत नाहीत. सुरुवात अर्ध्या गोळीने झाली. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला कोणाला उठावे लागू नये. सोबत पहिले काही दिवस मळमळीची गोळी, आणि बद्धकोष्ठ टाळण्यासाठी पहिल्या रात्रीपासून रोज जुलाबाची गोळी. ही दुसरी गोळी विसरली तर दुखण्यापेक्षा पोटाचा त्रास मोठा होतो, असे सिस्टर प्रत्येक भेटीत बजावत. मात्रा अर्थातच प्रत्येक रुग्णाची वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

सिस्टरांनी अण्णांना वेदनेला आकडा द्यायला शिकवले. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. अण्णांनी एक लांब वही मागवली, पट्टीने रेघा मारल्या आणि चार रकाने पाडले : वेळ, गोळी, दुखणे, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ते ‘वेळेवर’ किंवा ‘१५ मि. उशिरा’ असे लिहीत. दहा वाजत आले की आतून विचारत, “दहाची सुटली का?” पहिल्या तीन दिवसांत दुखण्याच्या रकान्यात ७, ७, ६ असे आकडे आहेत. सिस्टरांनी फोनवर ते आकडे ऐकले, डॉक्टरांनी मात्रा वाढवली आणि दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी ३ आणि २ दिसू लागले. त्या दिवशी ते उठून गॅलरीत बसले, चष्मा मागितला आणि पेपर वाचला. श्रावणानंतर त्यांनी पेपर हातात धरला नव्हता. या सेवेने दुसरे काहीही केले नसते तरी त्या एका गुरुवारसाठी मी तिची ऋणी राहिले असते.

पथकाचे काम औषधापुरते नव्हते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, खाली टाकलेली चादर धरून दोघींनी एका माणसाला न ओढता वर कसे सरकवायचे, हवेच्या गादीवर चादर घट्ट का ताणायची नाही, हे सिस्टरांनी आईला आणि मला हाताला धरून शिकवले. तोंडाची निगा तर मी आधी कधी विचारातही घेतली नव्हती. बोटाला मऊ कापड गुंडाळून ते मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायचे, गालाच्या आतून आणि जिभेवरून हळू फिरवायचे, मग ओठांना साजूक तूप लावायचे. हे दिवसातून चार-पाच वेळा करू लागल्यावर तोंडाचा वास गेला आणि अण्णांना बोलताना जीभ टाळूला चिकटायची ते थांबले. त्यांनी आईला सांगितले, “आता चहाला चहाची चव लागते.”

मग खाणे थांबत गेले. या टप्प्यावर बहुतेक घरांत भांडणे होतात, आमच्याकडेही झाली. आत्या म्हणाली, “माझ्या भावाला उपाशी मारताय का?” दादा रोज फोनवर सलाईन लावण्याचा आग्रह धरू लागला. सिस्टरांनी व्हिडिओ कॉलवर दादाला आणि समोर बसवून आत्याला एकदमच समजावले, की शरीर आवरते घेत असताना भूक आपोआप मिटते, अशा वेळी शिरेतून घातलेले पाणी शरीराला वापरता येत नाही, ते पायांत आणि छातीत साठते आणि श्वासाचा त्रास वाढतो. आत्याने विचारले, “मग गंगाजलही द्यायचे नाही?” त्या म्हणाल्या, “द्या ना. चमच्याने घशात ओतू नका, ठसका लागेल. कापसाच्या बोळ्याने ओठांना लावा, तुळशीचे पानही तसेच ओठांवर ठेवा.” आत्या त्यानंतर रोज सकाळी स्वतः बोळा घेऊन बसू लागली आणि भांडण संपले. रुग्णाच्या घरच्या समजुतींना धक्का न लावता योग्य तेच करवून घेणे, हे कौशल्य पैसे देऊन विकत मिळत नाही.

आता पहिली तक्रार. चौथ्या आठवड्यातल्या एका रविवारी रात्री सव्वाला अण्णांच्या पोटात अचानक कळ आली. आकडा विचारला तर त्यांनी आठ बोटे दाखवली. संस्थेचा चोवीस तासांचा म्हणून दिलेला नंबर मी तीन वेळा लावला, तिन्ही वेळा रिंग वाजून बंद झाली. रात्री दोनला त्यांचा उलट फोन आला. म्हणजे ४५ मिनिटे आम्ही दोघी एका कळवळणाऱ्या माणसाचे हात धरून बसलो होतो, आणि कुलूपबंद पेटीत औषध असूनही ते द्यावे की नाही हे आम्हाला माहीत नव्हते. फोन केलेल्या सिस्टरांनी एका वाक्यात सांगितले, की मध्येच कळ आली तर एक जादा मात्रा देता येते. ती दिल्यावर अर्ध्या तासात कळ उतरली. ती सिस्टर त्या रात्री दुसऱ्या एका रुग्णाच्या घरी होत्या आणि तिथे मृत्यू झाला होता, हे मला नंतर कळले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण चोवीस तास म्हणून दिलेला फोन एकाच माणसाच्या खिशात असेल तर तो चोवीस तासांचा नसतो. जादा मात्रेची सूचना पहिल्याच दिवशी लेखी मिळायला हवी होती. मी हे त्यांना लगेच कळवले, नंतर पत्रातही लिहिले. त्यानंतर सगळ्या रुग्णांना दुसरा नंबर दिला गेला आणि आमच्या पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला गेला : कळ आल्यास काय द्यायचे, धाप लागल्यास काय करायचे, कोणत्या क्रमाने कोणाला फोन करायचा. तो कागद मराठीत होता. आधीचा औषधांचा तक्ता इंग्रजीत होता आणि आईला तो वाचता येत नसे, तोही बदलून मिळाला.

दुसरी तक्रार दिवाळीतली. मॉर्फिनच्या गोळ्या एका वेळी दोन आठवड्यांच्याच मिळत आणि रिकाम्या पट्ट्या परत द्याव्या लागत. पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे सात गोळ्या उरल्या होत्या आणि औषधाच्या कपाटाची जबाबदारी असलेली व्यक्ती सुटीवर होती. शहरातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ती गोळी नव्हती. १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवान्यांची गुंतागुंत इतकी वाढली होती, की दुकानदारांनी आणि बऱ्याच रुग्णालयांनीही मॉर्फिन ठेवणे सोडून दिले. २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारखी सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सोपे झाले. तरीही अशी मान्यता घेतलेली ठिकाणे मोजकीच आहेत, आणि आपल्या शहरात ते एकच असेल तर त्याच्या कपाटाची किल्ली हाच सगळ्या रुग्णांचा आधार असतो. त्या संध्याकाळी संस्थेचे डॉक्टर स्वतः येऊन गोळ्या देऊन गेले, एकही वेळ चुकली नाही. परंतु तो सगळा दिवस आईने दर तासाला गोळ्या मोजण्यात घालवला. सणापूर्वी रुग्णांच्या शिल्लक गोळ्या पाहून आधीच साठा देणे हे कठीण काम नाही. त्यांनी उत्तरात ते मान्य केले आहे.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. डॉक्टर, सिस्टर, औषधे, सगळे विनामूल्य होते. देणगी सुचवली गेली नाही, विचारल्यावर पावतीसह घेतली गेली. आमचा खर्च झाला तो फाउलर कॉटचे, म्हणजे डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या पलंगाचे, भाडे, हवेची गादी, डायपर आणि शेवटचे तीन आठवडे रात्री येणाऱ्या मावशी यांवर. आयसीयूच्या दोन दिवसांतही यापेक्षा अधिक गेले असते.

अण्णांची एक इच्छा होती : नळ्या लावायच्या नाहीत, आयसीयू नको. हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची बेचाळीस वर्षांची अवस्था आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, अण्णा तर त्यांचा उल्लेख वारंवार करत. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असल्यामुळे ते जवळजवळ कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. संस्थेने आम्हाला जो छापील नमुना दिला तो मात्र २०१८चा, दंडाधिकाऱ्यांच्या सहीचा होता. समाजकार्यकर्तीच्या हे लक्षात आणून दिल्यावर तिने पुढच्या भेटीत नवा नमुना आणला. नोटरी घरी आले आणि अण्णांनी थरथरत्या हाताने, पण पूर्ण नावाने सही केली. त्याची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले, पण ज्या कार्यालयात मी गेले तिथल्या खिडकीवर कोणालाच त्याबद्दल माहिती नव्हती. तीन फेऱ्यांनंतर आवक शिक्का मारून प्रत घेतली गेली. घरीच मृत्यू येणाऱ्या माणसाला या कागदाची प्रत्यक्षात फारशी गरज पडत नाही, हेही खरे आहे. आम्हाला त्याचा उपयोग झाला तो दादाला आणि आत्याला दाखवण्यासाठी.

अशा सेवेला जाब विचारायचा कोणी, हा प्रश्न मला सतत पडत होता. महाराष्ट्रात २०२१मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा झाली, त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्थाही ठरवून दिलेली आहे. पण ही नोंदणी रुग्णाला दाखल करून घेणाऱ्या जागेची असते. ज्या सेवेची खाट रुग्णाच्या घरातच आहे तिच्या भिंतीवर सनद लावायची तरी कुठे? राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२पासून आहे, केरळने तर २००८मध्येच आपले धोरण जाहीर केले होते. तरीही आमच्यासारख्या कुटुंबाच्या हातात तक्रारीसाठी होते ते फक्त संस्थेच्या विश्वस्तांना लिहिलेले पत्र. त्यांनी अकराव्या दिवशी मुद्देसूद उत्तर दिले, चूक झाली तिथे ‘चूक झाली’ असे लिहिले, यासाठी त्यांना मी पूर्ण गुण देते. एखादी संस्था असे उत्तर देणार नाही, तेव्हा त्या घराने काय करायचे? जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर एक नेमलेला अधिकारी, एक फोन नंबर आणि घरोघरी जाणाऱ्या पथकांची नोंद, एवढे शासनाने करावे ही माझी मागणी आहे आणि ती मी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी दिली आहे.

शेवटच्या आठवड्यात पथक रोज येत होते. सिस्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवले होते की लघवी कमी होईल, हातपाय गार पडतील, श्वास थांबत थांबत येईल आणि घरघर लागेल. ती घरघर ऐकणाऱ्याला जितका त्रास देते तितका बहुधा रुग्णाला देत नाही. घरघर सुरू झाली तेव्हा त्यांनी त्वचेखाली बारीक सुई लावून औषध दिले आणि अण्णांना कुशीवर वळवले, त्यानंतर आवाज कमी झाला. आम्ही घाबरलो नाही असे म्हणता येणार नाही, पण पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे कोणीही ‘रुग्णवाहिका बोलवा’ म्हणून धावले नाही. कार्तिक वद्यातल्या त्या पहाटे तीन वाजता अण्णा कण्हले. आईने झाकणावरचा कागद पाहिला, गोळीची पूड चार थेंब पाण्यात कालवून गालाच्या आत लावली, वहीत वेळ लिहिली. पाच वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला. खाली स्टँडवर पहिल्या गाड्या लागल्या होत्या.

मी फोन केला तो दुसऱ्या रिंगला उचलला गेला. साडेसहाला डॉक्टर आले, त्यांनी तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४-अ, घरीच भरून दिला. घरी मृत्यू झाला की हा कागद स्मशानभूमीपासून नोंदणीपर्यंत सगळीकडे लागतो, आणि ज्यांनी रुग्णाला पाहिलेले नाही असे डॉक्टर तो देत नाहीत, द्यायलाही नको. ज्या घरांत असे पथक येत नाही तिथे प्रेत अंगणात ठेवून मुलगे दवाखान्यामागून दवाखाने हिंडताना मी पाहिले आहेत.

तेराव्यानंतर मी उरलेल्या १४ गोळ्या परत करायला गेले. सिस्टरांनी त्या माझ्यासमोर मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिल्या आणि पावती दिली. मी निघताना सहज म्हणाले, की आई रात्री तीनला उठून बसते. त्यांनी आणखी काही विचारले नाही, त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. आईने थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून शेवटी विचारले, “तीनला मी ती पूड लावली आणि पाचला हे गेले. माझ्या हातूनच झाले का हो?” सिस्टरांनी वही मागितली. शेवटच्या पंधरवड्याची पाने त्यांनी आईच्या मांडीवर ठेवून एकेक ओळ बोटाने दाखवली : हीच मात्रा मंगळवारी रात्री दिली होती, तेव्हा सकाळी आजोबांनी तुमच्याकडे पाणी मागितले; हीच गुरुवारी दोनदा दिली, तेव्हा दुखणे सातवरून दोनवर आले; त्या पहाटेची मात्रा तितकीच होती, आणि श्वास तर आदल्या दुपारपासूनच थांबून थांबून येत होता. आई त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. सिस्टर दीड तास बसल्या.

ही भेट त्यांच्या ठरलेल्या कामात नव्हती. रुग्ण गेल्यावर एक शोकपत्र पाठवणे, इतकाच संस्थेचा शिरस्ता आहे. प्रत्येक घरी महिन्याच्या आत एक भेट झालीच पाहिजे, ही माझ्या पत्रातली सूचना होती. दोन्ही तक्रारींवर त्यांनी काय बदल केला ते उत्तरात लिहिले आहे. या सूचनेपुढे मात्र ‘सध्या दोनच सिस्टर असल्याने शक्य नाही, प्रयत्न करू’ असे लिहिलेले आहे.